मुगातले तांदूळ

नागपूरच्या मे महिन्यात पोरं दुपारभर छळायची. म्हणून मी मुगात मूठभर तांदूळ कालवायची अन् वैतागल्याचं सोंग करून सांगायची, "दुकानदारानं असेच दिले, निवडून ठेवा." चारू अन् गिरिधर वाळ्याच्या ताटीमागे बसून मुकाट्यानं निवडत. मी ताणून द्यायची.

आठव्या दिवशी कडी वाजली. दारात आमचे किराणावाले ओमप्रकाशजी, हातात मुगाची पिशवी. शेजारी चारू.

"बाई, तुमच्या पोरीनं साऱ्या गिऱ्हाइकांसमोर सुनावलं मले. माझ्या मुगापायी आई रोज त्रासून राहिली म्हणे. माफी असू द्या. हे चांगले मूग घ्या."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. चारू माझ्याकडे अभिमानानं पाहत होती.

मान खाली घालून मी पिशवी घेतली.