मॅडम बोलत नाहीत

सोमवारी गावंडे मॅडम वर्गात आल्या आणि काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा तिसरी-चौथीच्या पोरांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी मोठं पाप घडलं. एरवी मॅडमचा आवाज त्यांच्या आधी शाळेत पोचायचा. फाट्यावर स्कुटी वळली की "पोट्टेहो, फाटकावर कोन लटकून राह्यलं?" ऐकू यायचं आणि लटकणारा मुकाट खाली उतरायचा. आज त्या आल्या, हजेरीवही उघडली आणि एकेकाकडे बघून नुसती मान हलवत राहिल्या. वर्ग असा चिडीचूप झाला की शेजारच्या खोलीतून नितेश सर डोकावून गेले.

पातूरच्या पलीकडच्या त्या गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. शिक्षक दोन. त्यातल्या रुख्मिणी गावंडे इतकी वर्षं तिथं होत्या की आता त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची पोरं त्यांच्यासमोर बसत. आवाज हीच बाईंची इस्टेट. शाळेला माईक नव्हता आणि कुणी कधी मागितलाही नव्हता. त्यांचे यजमान शेषराव पातूरला बियाण्यांच्या दुकानात कामाला होते. ते चारचौघांत सांगायचे, "आमच्या घरी फोनची गरज नाई. रुख्मिणी आंगनात उभी राह्यली का काम होते."

दिवाळीनंतर तोच आवाज फाटायला लागला. मॅडमनी हळद-दूध केलं, ज्येष्ठमध चघळला आणि वर्गात आणखी जोर लावून बोलल्या. शेवटी शेषराव त्यांना अकोल्याला घेऊन गेले. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, "आवाजाच्या पट्ट्यांवर गाठी आहेत. पुढच्या शनिवारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं उलट जास्त ताण येतो. हे पाळलं नाही तर आवाज कायमचा जाऊ शकतो. रजेसाठी लिहून देऊ?"

मॅडमनी मान हलवली. नको.

एसटीत पातूर येईपर्यंत शेषराव भांडत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना पूर्ण वाक्य बोलायला मिळत होतं, पण त्याचा काही आनंद होत नव्हता. "रजा काहून नाई घेत तू? तुयाबिगर शाळा बंद पडते का?"

शाळा बंद पडणार नव्हती. पण वर्षाली मागं पडणार होती. वर्षाली तिसरीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं. आईबाप कामाला परगावी असत, पोरगी आजीजवळ. आजी पार्बताबाई शाळेतच खिचडी शिजवायची. पोरगी शहाणी, चित्रं सुरेख काढायची, पण पुस्तक उघडलं की अंग चोरायची. मॅडमनी पावसाळाभर तिला मधल्या सुटीत जवळ बसवून अक्षर अक्षर जोडायला शिकवलं होतं. दिवाळीच्या सुटीत ते सगळं धुऊन गेलं. मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि आत्ता कुठं ती 'क'ला काना लावून धिटाईनं वाचू लागली होती. आता मध्ये आठवडा गेला तर पोरगी परत अक्षरांच्या दाराबाहेर, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. ते शेषरावांना हातवारे करून सांगणं शक्य नव्हतं, म्हणून त्या खिडकीबाहेरची तूर बघत बसल्या.

तर सोमवारी मॅडमनी फळ्यावर लिहिलं: 'माझा घसा दुखतो. शनिवारपर्यंत मी बोलणार नाही. तुम्ही वाचा.'

पोरांनी वाचलं. एकदा, मग एकमेकांना खात्री करायला पुन्हा एकदा. आणि दुपारपर्यंत गंमत अशी झाली की, जे आजवर कानांनी मिळत होतं ते सगळं फळ्यावर आलं. पाणी प्यायला जा, पुस्तकाचं पान उघडा, मैदानात रांग करा. ज्याला वाचता येईल तो आधी पळायचा. एरवी फळ्याकडे पाठ करून बसणारी पोरं खडूकडे डोळे लावून बसली. पाढे म्हणताना मॅडम टाळ्या वाजवायच्या आणि कुणी चुकलं की टाळी हवेतच थांबायची. ती थांबलेली टाळी पोरांना रागावण्यापेक्षा जास्त लागायची. आवाज गेलेल्या बाईनं वर्ग असा हातात ठेवावा, याचं नितेश सरांना नवल वाटलं. त्यांचा स्वतःचा घसा ठणठणीत होता आणि पलीकडे पहिली-दुसरी त्यांच्या डोक्यावर बसली होती.

अडचण एकच होती. वर्षाली फळ्याकडे बघतच नव्हती. ती शेजारच्या केयूरकडे बघायची. केयूर पुजाऱ्यांचा मुलगा, हुशार आणि उतावळा. तो वाचायचा आणि ही त्याच्या मागं उठायची. बोलता आलं असतं तर मॅडमनी केयूरला एका शब्दात गप्प केलं असतं. मंगळवारी त्यांनी वेगळंच केलं. त्या वर्षालीजवळ गेल्या, तिची पाटी घेतली, पाटीवर दोनच शब्द लिहिले, ती वर्षालीच्या मांडीवर ठेवली आणि टेबलाशी जाऊन बसल्या.

'खडू आण.'

केयूरनं वाचायला मान वाकडी केली, तर मॅडमनी डोळे मोठे केले. वर्षालीनं पाटी छातीशी धरली. आजवर तिला एकटीला उद्देशून कुणी काही लिहिलं नव्हतं. बराच वेळ ओठ हलवून ती उठली, बाहेर गेली आणि खराटा घेऊन आली.

वर्ग खो खो हसला. वर्षालीचं तोंड एवढंसं झालं. मॅडमनी शांतपणे तिच्या हातून खराटा घेतला, पदर खोचला आणि फळ्यापासून दारापर्यंत सगळी खोली झाडून काढली. झाडताना हसणाऱ्यांनाच पाय उचलावे लागले आणि हसणं आपोआप विरलं. मग हात झटकून त्यांनी पाटीवर पुन्हा तेच दोन शब्द लिहिले. यावेळी वर्षालीनं नुसत्या 'ख'वरून उडी मारली नाही. दुसरं अक्षर बोटानं चाचपलं. आणि खडू आला.

बुधवारपासून पाटी दिवसभर ये-जा करू लागली. 'खिडकी लाव.' 'आजीला विचार, मीठ आहे का?' त्यावर वर्षाली स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन विचारून यायची आणि उत्तर स्वतः लिहायची. 'हाये.' मॅडमनी ते खोडलं नाही.

इकडे पार्बताबाईचा भलताच समज झाला होता. मॅडमनी मौन धरलंय, तेही आपल्या नातीसाठी, असं तिनं ठरवूनच टाकलं. नितेश सरांनी समजावून पाहिलं, "मावशी, व्रत नाई ते. घसा बसला मॅडमचा."

"तुमाले काय समजते सर," ती म्हणाली, "व्रत कोनी बोलून दाखवते का?"

गुरुवारी तिनं मॅडमच्या टेबलावर केळी ठेवली आणि डोक्यावर पदर घेतला. "मायी नात वाचती झाली पाह्यजे मॅडम. मी तं आंगठेवाली राह्यली." मॅडमनी दोन्ही हात हलवून नाही नाही केलं. त्याचा अर्थ तिनं काय लावला कोण जाणे, पण ती समाधानानं खिचडी ढवळायला गेली. मॅडमना हसू आलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. त्या रोज रात्री उशीत तोंड खुपसून आवाज आहे का ते तपासून पाहण्याचा मोह आवरत होत्या. आवाज परत आला नाही तर सरकार आपल्याला कुठल्यातरी कचेरीत टेबलामागं बसवील, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी अकोल्याला जायचं होतं. मॅडमनी पाटी बाजूला ठेवली आणि पूर्ण फळा भरून लिहिलं. वर्षालीच्या घरचंच लिहिलं: आजी पहाटे उठते, चूल पेटवते, शेळी ओरडते, आजी तिला रागावते. मग वर्षालीकडे बोट केलं.

पोरगी उभी राहिली आणि वाचू लागली. हळू वाचत होती, पण वाचत होती. 'शेळी ओरडते'वर वर्गात खुसखुस झाली आणि ती स्वतःही हसली. 'चूल विझल्यावर' या शब्दांपाशी मात्र अडली. केयूरचं तोंड उघडलं. मॅडमनी नुसतं बोट वर केलं, त्याचं तोंड मिटलं. खरी पंचाईत मॅडमचीच होती. इतकी वर्षं पोरगं अडलं की शब्द त्यांच्याच तोंडून सुटायचा. आताही तो जिभेवर आला होता. त्यांनी ओठ घट्ट आवळले. पार्बताबाई पळी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"विझ... विझल्यावर," वर्षाली म्हणाली. "आजी मले जवळ घेते."

फळ्यावर 'मला' लिहिलं होतं. पण पोरीनं ते आपलं करून वाचलं, याचा मॅडमना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पार्बताबाईनं पळीसकट हात जोडले. मॅडमनी पुन्हा मान हलवली, वर्षालीच्या खांद्याला धरून तिला पुढं केलं आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. हिनं केलं, मी नाही. म्हातारीला ते कळलं असावं, कारण तिनं मॅडमकडे पाठ केली आणि नातीची अलाबला घेतली.

अकोल्याला डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. बराच वेळ पाहिलं. "चांगलं पाळलंत. सूज उतरलीय. बोला बरं, नाव सांगा."

"रुख्मिणी शेषराव गावंडे."

आवाज घोगरा, तुटका आणि बारीक होता. कुणी परकी बाई खोलीत बोलली असं मॅडमना वाटलं. शेषराव खिडकीकडे वळले.

"साहेब, पह्यल्यासारका होईन ना?" त्यांनी तिकडेच बघत विचारलं.

"बोलण्यापुरता होईल. ओरडणं मात्र आता विसरायचं. शाळेत सांगून बैठं काम मागून घ्या."

शेषरावांनी मान डोलावली. मॅडमनी नाही. त्या परक्या आवाजात, एकेक शब्द जपून टाकत त्या म्हणाल्या, "सोमवारी शाळा हाये, डॉक्टरसाहेब. मले वरडाचं काम नाई पडत तिथं."

बाहेर ऑटो भरभर चालले होते. मॅडम रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. पहिला ऑटो न बघता निघून गेला. दुसराही गेला. शेषराव हाक मारायला पुढं सरसावले, तर मॅडमनी त्यांची बाही धरली आणि हात तसाच वर ठेवून उभ्या राहिल्या. तिसरा थोडा पुढं जाऊन थांबला आणि त्यांच्यासाठी मागं आला.