अखंड आबनूस

मास्तर पूल नावाच्या, बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या काठ्या बनवायचे आणि प्रत्येक काठीबरोबर एक कार्ड द्यायचे. पुढचा दांडा मेपलचा, मूठ अमुक लाकडाची, टोकाचं चामडं तमुक, असं सगळं त्यावर. कार्ड लिहायची बायको. अक्षर तिचं आणि खाली सहीही तिचीच. "लाकडाला तोंड नसतं, म्हणून हे कार्ड," असं मास्तर गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचे.

मागच्या आठवड्यात ती जेवायला बोलवायला म्हणून मागच्या खोलीत गेली आणि बघते तर काय! मास्तरांनी आबनुसाची काळीभोर मूठ आरपार पोखरली होती आणि आत मेपलचा पांढरा गाभा सरस लावून बसवत होते.

"हे काय हो?"

"अगं, हल्ली आबनूस नीट येतच नाही. वाकतं मेलं. गाभा घातला की सरळ राहतं."

"मग तसं लिहू ना?"

"खुळी की काय! आपलं नाव एकाच तुकड्याच्या मुठीवर चाललंय. तू अखंडच लिही."

आता, गाभा घालण्यात पाप काहीच नव्हतं. चांगले चांगले कारागीर घालतात आणि तसं सांगतातही. पण मास्तरांची ऐट! तिने मुकाट्याने लिहिलं, 'मूठ: अखंड आबनूस'. खाली सही केली आणि तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

आज ती काठी न्यायला गावातल्या क्लबाची पूल-चॅम्पियन आली. उंचीने बेताची, आवाजाने दांडगी बाई. दुकानातल्या टेबलावर तिने दोन-चार फटके मारून बघितले, कार्ड मोठ्याने वाचलं, खूश झाली. मग म्हणाली, "मास्तर, मागून जरा लांब पडते हो. दोन बोटं कापून द्या."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मागचं रबरी बूच काढलं की काळ्या कड्यात पांढरा गाभा, आंधळ्यालाही दिसेल असा.

"उद्या करू," ते म्हणाले. "लेथ बिघडलाय."

"मघाशी तर घरघरत होता."

"काठीचा तोल जाईल."

"माझं मी बघते." आणि बाईने खुर्ची ओढली ती थेट दारात. "मी थांबते. मला बघायला आवडतं."

दुकान ते केवढं! दार एकच, आणि त्यात चॅम्पियन. मागच्या खोलीच्या खिडकीला गज. बायको टेबलाआड अशी अडकली की हलायचं म्हटलं तर चॅम्पियनचे गुडघे ओलांडावे लागणार. मास्तरांनी बुचाला हात लावला आणि परत काढला. पटाशी शोधू लागले, ती समोरच पडली होती. बायकोला त्यांचा राग आला, संताप संताप झाला, आणि कीवही आली, कारण असे मान खाली घातलेले मास्तर तिने कधी पाहिले नव्हते. पण सही माझी आहे, तिला वाटलं. करवत चालली की खोटी मी ठरणार.

"आत गाभा आहे," ती एका दमात म्हणाली. "मेपलचा. अखंड नाहीये ती."

तिनेच काठी मोडल्यासारखे मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

चॅम्पियनने काठी उचलली, मुठीवर टिचकी मारून कान लावला आणि चक्क हसली. "अहो, मग चांगलंच की! वाकायची भीती नाही. मला हीच हवी. फक्त कार्ड बदला, ताई. असेल ते लिहा."

सुटलो बाई! बायकोच्या जिवात जीव आला. मास्तर काठी कापेपर्यंत तिने दुसरं कार्ड लिहिलंसुद्धा: 'मूठ: आबनूस, आत मेपलचा गाभा.' चॅम्पियनने ते वाचून खिशात घातलं.

"क्लबात दाखवते सगळ्यांना. म्हणावं, असा प्रामाणिक कारागीर शोधून दाखवा! तुमच्या काठ्या तिथे पुष्कळ जणांकडे आहेत, नाही का? सांगते त्यांना, बुचं काढून बघा रे, तुमच्या काठीत आहे का गाभा! नसेल तर बसा बोंबलत!"

स्वतःच्याच विनोदावर हसत ती निघूनही गेली. दार मोकळं झालं, पण दोघांपैकी कोणी जागचं हललं नाही.

"आता बुचं काढतील सगळे," मास्तर म्हणाले.

"काढू देत. हल्लीच्या दोन-चारच ना? आपणच आधी जाऊ आणि कार्डं बदलून देऊ. मी लिहिते." तिने कोरी कार्डं पुढे ओढली. "सांगा, कोणाकोणाच्या?"

मास्तर खुर्चीत बसून काठीचा कापलेला तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"अहो, सांगा ना!"

"अखंड एकही नाही गं," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

तिने पेन खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून लिहिलेली कार्डं कुठल्या कुठल्या गावांत, कोणाकोणाच्या कपाटांत तिच्या सहीनिशी पडली होती, आणि त्यातल्या निम्म्या माणसांचे पत्तेही तिला ठाऊक नव्हते.