पाइपाला बांधलेली निळी सायकल

मी एक जुनी सायकल आहे. रंग निळा, बैठक चामड्याची, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मित्रांनो, त्या फेब्रुवारीतल्या शनिवारी तुम्ही मला पाहिलं असतं, तर सगळ्यांत आधी तुमची नजर साखळीवर गेली असती. माझ्या मधल्या दांड्याला जाड साखळी होती, आणि तिचं दुसरं टोक तळघरातल्या पाण्याच्या पाइपाला कुलूप घालून अडकवलेलं होतं.

संध्याकाळी क्लोविस नेहमीसारखा खाली आला. वय एकोणऐंशी. एका हातात पंप, दुसरा हात भिंतीला. त्याने माझ्या दोन्ही चाकांत हवा भरली, अंगठ्याने दाबून पाहिली, मागचं चाक उचलून पेडल फिरवलं. पाच महिने दर शनिवारी तो हे करत होता. मी कुठे जाणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"हवा गेली की रबर चिरतं," तो बटाट्यांच्या पोत्याकडे बघून म्हणाला. मग माझ्या बैठकीवर हात ठेवून हळूच, "उन्हाळा लागू दे. डॉक्टरला पुन्हा एकदा विचारू."

वरून त्याच्या मुलीचा, ओदिलचा, आवाज आला. "पापा, सूप गार होतंय!"

"येतो गं. सूप काय पळून जातंय?"

"सूप नाही, पण तू खाली गेलास की परत येत नाहीस."

तो हसला. जाताना त्याने दिवा मालवला. तो एक साधा शनिवार होता, आणि आमचा शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लोविस झोपेतून उठलाच नाही.

माझा जन्म फ्रान्समधल्या सेंतेतिएन शहरात झाला. तिथे एका कारागिराने नळ्या कापून, तापवून, पितळ ओतून मला जोडलं. क्लोविसची उंची, हाताची लांबी, पायाची लांबी मोजूनच मला बनवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला मी कधी नीट बसले नसते. तेव्हा तो तिएर गावच्या चाकू-कारखान्यात पात्यांना धार लावायचा. सहा दिवस सहाणेवर वाकलेला माणूस रविवारी माझ्यावरही वाकूनच बसायचा. पण सहाणेवर त्याला फक्त ठिणग्या दिसायच्या, आणि माझ्यावरून दरी, गाई, ज्वालामुखीच्या काळ्या दगडांची घरं, चर्चचे मनोरे, सगळं.

गावाच्या क्लबात पंधरा जण होते, पण क्लोविसची खरी शर्यत एकाशीच, रेजिस नावाच्या पाववाल्याशी. गाव जवळ आलं की गावाच्या नावाची पाटी लागते. तिथवर आधी कोण पोहोचतो, यासाठी दोघे दर रविवारी जीव तोडून पेडल मारायचे. इतरांना त्याचं हसू यायचं. पाटीपाशी टेकलेला क्लोविस ओरडायचा,

"अरे रेजिस, पाटी जमिनीत पुरलीय. पळून जाणार नाही, ये सावकाश!"

"आज चाकाला शेण लागलं माझ्या."

"दर रविवारी त्याच गाईचं?"

घाटमाथ्यावर पोहोचलं की दोघे सदऱ्याखाली वर्तमानपत्र कोंबायचे. उतारावर छातीला वारा लागत नाही त्याने. रेजिस म्हणायचा, "माझ्या छातीवर आज सगळे मृत्युलेख आलेत." क्लोविस म्हणायचा, "माझ्याकडे हवामान आहे. जपून उतर, पाऊस सांगितलाय." अशी पंचेचाळीस वर्षांहून जास्त गेली. माझ्या साखळ्या बदलल्या, तारा बदलल्या, टायर तर किती बदलले. सांगाडा तोच राहिला. नव्या सायकली हलक्या आणि काळ्या आल्या, तेव्हा क्लबातले लोक म्हणाले, "ही आता संग्रहालयात दे." तो म्हणाला, "आधी मला ठेवा तिथे."

मग त्याची बायको गेली. अचानक, बाजारात, भाजी घेताना. ओदिल लियों शहरातली नोकरी सोडून घरी आली. शांत मुलगी. संध्याकाळी स्वयंपाकघरात बापाला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची. खाली मला त्यातले शब्द नाहीत, तिचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

गेल्या सप्टेंबरात घाट उतरताना क्लोविसला घेरी आली. पडला नाही तो. मला बाजूला घेऊन एका कारंज्याच्या कठड्यावर बसला. रेजिसने गाडी मागवून आम्हा दोघांना घरी आणलं. आठवड्याने डॉक्टर तपासायला आले.

आता मी जे सांगणार आहे, मित्रांनो, ते मी कुणालाच सांगू शकले नाही. माझं तळघर रस्त्यापेक्षा खाली आहे. वर एक बुटकी, गजांची खिडकी आहे. तिच्यातून मला फक्त पावलं दिसतात. त्या दिवशी डॉक्टरांचे तपकिरी बूट आणि ओदिलचे बागेतले लाकडी बूट खिडकीपाशी थांबले.

"घाट नको," डॉक्टर म्हणाले. "पण नदीकाठचा सपाट रस्ता, तासभर, सोबत कुणी असेल तर खुशाल चालवू द्या."

"पण पुन्हा घेरी आली तर?"

"खुर्चीतही येऊ शकते, मादमोआझेल. बसून राहिला तर जास्त वाईट."

तपकिरी बूट गेले. लाकडी बूट बराच वेळ तिथेच होते.

संध्याकाळी ती साखळी घेऊन खाली आली. कुलूप घालताना किल्ली तिच्या हातून दोनदा खाली पडली. क्लोविस पायरीवर उभा होता.

"हे काय करतेस?"

"डॉक्टर नाही म्हणाले, पापा."

"मला तर काही बोलला नाही तो."

"मला म्हणाले. अजिबात नाही."

त्याने वाद घातला नाही. मुलीशी तो रोज वाद घालायचा, मिठावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून. पण सहाणेवर काम करणारी ती जुनी माणसं डॉक्टरचा शब्द मोडत नाहीत. तो एवढंच म्हणाला, "बरं."

मला तोंड असतं तर! माझी घंटासुद्धा त्याने कधीच काढून टाकली होती, वजन कमी करायला. ते खोटं आणि मी, आम्ही दोघं एकाच पाइपाला बांधलेली होतो. रविवारी पावणेआठला रेजिसचे सायकलचे बूट खिडकीपाशी टकटक करत थांबायचे.

"क्लोविस, येतोस का?"

"डॉक्टर नको म्हणालाय."

"त्या डॉक्टरने कधी घाट चढलाय का, विचार एकदा!"

हिवाळा असा गेला. मग तो फेब्रुवारी आला, आणि खिडकीसमोरून एकाच दिवसात खूप काळे बूट गेले.

त्यानंतर कुणी खाली आलं नाही. माझ्या चाकांतली हवा गेली. टायर जमिनीवर पसरले. साखळीखालचा निळा रंग दमटपणाने फुगला आणि गळू लागला. मित्रांनो, अडगळीत पडणं वाईट असतं, पण एखादी गोष्ट माहीत असून अडगळीत पडणं फार वाईट.

मेमध्ये खिडकीपाशी रेजिसचा ओळखीचा आवाज आला. जुलैत देशातली सायकलींची मोठी शर्यत आमच्या गावावरून जाणार होती. आमच्याकडे अशा वेळी गावं जुन्या सायकली, शर्यतीत पहिला असणाऱ्याच्या सदऱ्यासारख्या, पिवळ्या रंगवतात आणि चौकात उभ्या करतात. गावसभेच्या मादाम पेलिसिए यादी करत फिरत होत्या. चौकातल्या गोल बागेत बारा सायकली सिमेंटमध्ये पक्क्या करायच्या होत्या, भोवती फुलं लावायची होती.

"क्लोविसची मधोमध," रेजिस म्हणाला. "सगळ्यांत उंच. मान मिळेल त्याला."

"न्या," ओदिल लगेच म्हणाली. "मला ती बघवत नाही."

मी हादरले. साखळीला निदान किल्ली असते. सिमेंटला कसली किल्ली? माझ्यावर पिवळा रंग चढला की हा निळा, हे ओरखडे, पंचेचाळीस वर्षं, सगळं आत बुजून जाणार होतं, आणि ते खोटंही माझ्याबरोबर तिथेच पक्कं होणार होतं.

ठरलेल्या शनिवारी गाडी आली. ओदिल किल्ली घेऊन खाली उतरली. कुलूप गंजलं होतं, वेळ लागला.

"चल पोरी," वरून रेजिस ओरडला, "सिमेंट वाळतंय!"

साखळी सुटली. तिने माझा सपाट झालेला टायर अंगठ्याने दाबला, अगदी क्लोविस दाबायचा तसा, आणि अंगठा तिथेच राहिला. मग तिने मला उचलून वर आणलं. आठ महिन्यांनी माझ्यावर ऊन पडलं.

मादाम पेलिसिए ब्रश घेऊन तयार होत्या. "इथेच पहिला हात मारू, म्हणजे ओरखडे दिसणार नाहीत."

"ही नाही," ओदिल म्हणाली.

"अहो, पण मधली जागा?"

"तिथे फुलं लावा."

मादामने यादीवर रेघ ओढली, नाक उडवलं, आणि अकरा सायकली घेऊन गाडी निघून गेली. रेजिस मागे थांबला. त्याने माझ्या दांड्यावर, जिथे साखळीने रंग खाल्ला होता तिथे, हात फिरवला. मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, तेल द्या, हवा भरा, असं माझ्यासारख्या वस्तू नेहमी सांगतात. मीही सांगते. पण कुलूप लावताना एकदा बघा, आत कोण कोण अडकतंय.

"बिचारा," रेजिस म्हणाला. "शेवटच्या दिवसापर्यंत चालवली असती त्याने. त्या डॉक्टरला मी सोडणार नाही. परवा दुकानात पाव घ्यायला आला होता. मी पाठ फिरवली. पाव दिलाच नाही."

ओदिलने हँडल घट्ट धरलं.

"त्यांना पाव द्या, रेजिस."

"का म्हणून?"

"ते हो म्हणाले होते. सपाट रस्त्यावर, तासभर. मी पापाला खोटं सांगितलं."

रेजिसने टोपी काढली. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. चामड्याच्या बैठकीत क्लोविसच्या बसण्याने पडलेला खोलगट भाग होता, त्यावर तिने हात ठेवला, आणि इतक्या महिन्यांत घरात कुणी ऐकला नव्हता अशा मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाली,

"पापा, डॉक्टर हो म्हणाले होते. नाही मी म्हणाले. आई गेली तशी तू रस्त्यात गेलास, तर मला एकटीला राहावं लागलं असतं. म्हणून मी तुला घरात बसवून ठेवलं, पापा. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी."