सोमवारच्या मोळ्या

मी मोजलं ते खरंच मोजलं होतं, एवढं आधी सांगतो. एकही आकडा मनानं घातलेला नव्हता. रानाच्या वाटेवर आंब्याच्या फांदीला हुकाचा काटा टांगला, सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत बसलो आणि आलेली प्रत्येक मोळी काट्याला लावून वजन लिहून घेतलं. एक्केचाळीस मोळ्या, अकराशे सात किलो. तरीही ते चुकलं. चूक नेमकी कुठं सुरू झाली, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

माझी मुलगी उपासना बेंगळुरूला एका संस्थेत काम करते. ती संस्था देशाचा एक वेगळाच हिशेब काढते. देशातली रानं, शेतं, पाणी वर्षभरात जेवढं नव्यानं तयार करतात, त्यापेक्षा आपण किती जास्त वापरतो, ते पाहायचं. जास्तीचं जे निघेल ते निसर्गाकडून उचललेलं कर्ज, आणि फेडणार पुढची माणसं. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. असल्या विषयांची पुस्तकं कुणी नेत नसे, म्हणून ती मीच वाचली होती. त्यामुळं मला हे समजलं, किंवा समजल्यासारखं वाटलं.

"पण अख्खा देश मोजायचा कसा?" मी तिला फोनवर विचारलं.

"गावं मोजून, अण्णा. चारशे गावं निवडलीत, त्यावरून अंदाज. खानापूर तालुक्यातलं एक गाव तुम्ही करा की. मराठी, कन्नड दोन्ही येतं तुम्हाला. घरी बसून पुस्तकांची धूळच झाडताय."

"जाऊ देत गं," माझी बायको सोनुबाई आतून म्हणाली. "तिथं माणसांशी बोलायला लागतंय, तेवढं सांगून ठेव त्यांना."

तिनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. संस्थेनं पाठवलेल्या फॉर्मवर पहिलीच सूचना होती : घरोघरी जाऊन विचारावे, जळण कुठून आणता, किती, केव्हा. मला ते जमत नाही. कुणाच्या उंबऱ्यापर्यंत जावं आणि कुठं थांबावं, हा विचार माझ्या पायांत फार जुना आहे. आता तसं कुणी वागवत नाही. मुलगी शिकली, पिरनवाडीत स्वतःचं घर झालं. पाय मात्र थांबतात. म्हणून मी माझ्यापुरता अधिक शास्त्रीय मार्ग शोधला. विचारायचं नाही, मोजायचं. माणूस सांगताना विसरतो, काटा विसरत नाही.

गाव कणकुंबीच्या अलीकडचं. नाव देत नाही, त्या गावाला माझ्यामुळं एकदा त्रास झाला आहे. मार्चमधल्या एका सोमवारी मी तिथं पोचलो. पहिली मोळी आली ती अंबुबाईंची. साठीच्या, काटक बाई.

"काय वो मास्तर, आमचं वजन करालाय व्हय?"

"तुमचं नाही. मोळीचं."

"मग बरं. माझं केलासा तर फांदी मोडंल."

मागच्या बायका हसल्या. मी मास्तर नव्हतो, हे सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी बहुतेक जणी दोन-दोनदा आल्या. मला ते कष्टाळूपणाचं लक्षण वाटलं आणि वहीत मी तसं लिहिलंही.

फॉर्मच्या सूचनेप्रमाणे एका दिवसाच्या वजनाला तीनशे पासष्टनं गुणलं. चारशे चार टन. त्या गावाच्या वाट्याचं रान वर्षाला सुमारे एकशे नव्वद टन लाकूड नव्यानं देतं, असा संस्थेचा आकडा होता. म्हणजे एकवीस जूनलाच गावाचा वर्षाचा वाटा संपत होता आणि पुढचे सहा महिने गाव रानाचं मुद्दल खात होतं. मी तीनदा पडताळून पाहिलं आणि पाठवलं. जास्त वापरणाऱ्या गावांच्या यादीत, चारशेत, ते वरून तिसरं आलं. मला थोडा अभिमान वाटला. गावाची वाईट बातमी आणि आपल्याला अभिमान, हे विचित्र आहे, हे मला नंतर कळलं.

जवळजवळ चार आठवड्यांनी, एका रविवारी, फोन आला.

"मास्तर, मी अंबुबाई. मोळीवाली. आमची वाट बंद करालेत."

संस्थेच्या बरोबरीनं काम करणारी एक समिती गावात येऊन गेली होती. हे गाव रानाला दुपटीनं ओरबाडतंय, म्हणून रानाच्या वाटेला तीन वर्षं तारेचं कुंपण घालावं, असं त्यांनी वाचून दाखवलं. शुक्रवारच्या बैठकीत नक्की होणार होतं. अंबुबाई जांबोटीच्या एका खानावळीला रोज चाळीस भाकऱ्या करून देतात. त्यावरच त्यांचं घर चालतं.

"चाळीस भाकऱ्या ग्यासवर भाजल्या तर मला काय राख उरतीया?"

"अहो, पण काटा बरोबर होता," मी म्हणालो. लाज वाटते, पण मी पहिलं हेच म्हणालो.

"काट्याला कोण काय म्हणालंय? तुमी मोजलासा कवा? सोमवारी. दुसऱ्या दिवशी आमचा पयला वार न्हवता व्हय?"

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. यात्रेआधी ते गाव पाच मंगळवार वार पाळतं. त्या दिवशी शेतात औत जात नाही आणि रानात कोयता जात नाही. म्हणून सोमवारी दोन दिवसांचं जळण येतं. शिवाय पावसाळ्याचे चार महिने तिकडं रानात पाऊल घालता येत नाही, त्यामुळं उन्हाळ्यातच माळे भरून ठेवतात. मी वर्षातला सगळ्यांत जड दिवस निवडला होता आणि त्याला तीनशे पासष्टनं गुणलं होतं.

वार पाळणं मला माहीत नव्हतं असं नाही. या भागात वाढलेल्या कुणालाही ते माहीत असतं. आमच्या घरात ती रीत नाही, आम्ही रविवारी विहारात जातो, म्हणून ते डोक्यातच आलं नाही. हे कारण आहे की सबब, मला ठरवता येत नाही. एक घर विचारलं असतं तरी कळलं असतं.

उपासना म्हणाली, "फोनवरच्या बोलण्यानं आकडा बदलत नाही, अण्णा. वाराच्या दिवशी पुन्हा मोजा. आणि शून्य आलं तर दहा घरांच्या सह्या लागतील. नाहीतर मोजणारा गेलाच नाही असं धरतात."

पाचवा, शेवटचा वार दोन दिवसांवर होता. त्या मधल्या सोमवारी, नुसतं बसवेना म्हणून, संस्थेचा घरगुती फॉर्म मी माझ्या घरासाठी भरून पाहिला. सिलिंडर, फ्रीज, पिशवीचं दूध, गीझर, उपासनाकडं जायला केलेला एक विमानप्रवास. आमच्या दोघांचा वाटा दोन मेला संपत होता. आधी मला वाटलं, कुठंतरी गुणाकार चुकला. पुन्हा केला. दोन मेच. अंबुबाईंचं गाव माझ्या चुकीच्या आकड्यानंसुद्धा एकवीस जूनपर्यंत पोचत होतं. मग माझ्या वाटेला कुंपण कुठं घालायचं, हे त्या फॉर्ममध्ये कुठं दिसलं नाही.

मंगळवारी पहिल्या बसनं गेलो. त्याच फांदीला काटा टांगला. सात वाजले, नऊ वाजले, अकरा वाजले. वाटेवर एक मोर येऊन गेला, माणूस नाही. मी शून्य लिहिलं. लिहिल्यावर लक्षात आलं की फॉर्ममधले सगळे रकाने घेण्याचे आहेत. घेता येत असून घेतलं नाही, याला रकाना नाही. समासात बारीक अक्षरात 'वार' एवढं लिहिलं. बेंगळुरूत ते कुणाला काय कळणार, कोण जाणे.

मग सह्या. अंबुबाईंच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. 

"भायेर काय उभं ऱ्हायलासा? आत या की!"

आत चूल पेटलेली होती. कालचंच जळण. मला पाटावर बसवून त्यांनी चहा दिला आणि फॉर्मवर एकेक अक्षर दाबून नाव लिहिलं. तेवढ्यात नागोजी आले, पंचायतीचे सदस्य.

"आक्का, सही कशाला करालीस? आकडा मोठा ऱ्हायला तर समितीकडनं गावाला सोलरचे दिवे मिळतील."

"दिव्यावर भाकरी भाजतोस व्हय रं नागोजी?"

नागोजी हसले आणि माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमचं घर मोजलासा काय?"

"मोजलं."

"किती आलं?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

  चहा संपल्यावर ते उठून माझ्याबरोबर निघाले. उरलेल्या नऊ घरांपैकी आठ घरांत हाका त्यांनीच मारल्या, नववी सही त्यांची स्वतःची. माझे पाय प्रत्येक अंगणात थोडे थांबले, पण गेले.

नवा आकडा मी दोन रीतींनी काढला. पावसाळ्याचे महिने वगळून दीडशे टन आले, धरून दोनशे दहा. एका रीतीनं गावावर काहीच कर्ज नाही, दुसरीनं थोडं आहे. खरं कुठलं, हे मी उपासनाला विचारलं.

"दोन्ही पाठवा," ती म्हणाली. "दुप्पट नाही, एवढं नक्की झालं."

शुक्रवारी संध्याकाळी अंबुबाईंचा फोन आला. "वाट ऱ्हायली, मास्तर. कुंपण न्हाय. यात्रेला या, जेवायलाच." मी हो म्हणालो. सोनुबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

मला मात्र मोकळं वाटेना. मी उपासनाला फोन लावला.

"यादीत आपल्या वर जी दोन गावं होती, ती कुठली?"

"एक रायचूरकडचं. दुसरं तुमच्याच तालुक्यातलं, लोंढ्याच्या बाजूचं. का?"

"तिथं कोणत्या दिवशी मोजलं?"

"तारीख असेल. दिवस कोण बघतंय, अण्णा?"

"तारीख सांग."

तिनं शोधून सांगितली. मी भिंतीवरचं कॅलेंडर मागं उलटलं. सोमवार होता. त्या गावात वार कधी पाळतात, पाळतात की नाही, मला माहीत नाही. तिथं जाऊन कुणाला तरी विचारावं लागेल.