करीमान अब्लांचा ताबा

सरकारी शाळेत माणूस मेला की दोन कामं निघतात. एक, त्याला मातीत पोचवायचं. ते आम्ही दुपारच्या नमाजाला जोडून उरकतो. दुसरं, त्याच्या ताब्यातलं सामान दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. त्याला समिती लागते, आणि समिती कयामतीच्या आधी आली तर नशीब समजायचं.

आमच्या ग्रंथपाल करीमान अब्ला (शाळेतल्या बाईंना आमच्याकडे अब्लाच म्हणतात) गेल्या त्या दिवशीच ग्रंथालयाच्या दाराला लाल लाखेचं सील लागलं. पुस्तकं, कपाटं, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्यांच्या नावावर. समिती येऊन मोजदाद करीपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

"ताबा सुटला नाही म्हणजे अब्ला पण सुटल्या नाहीत," असं अरबीचे मास्तर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. म्हणाले ते चेष्टेनं. पण नाईलकाठचं आमचं दमियात हे सुतारांचं गाव. इथे सकाळी चेष्टेची फळी टाकली की संध्याकाळपर्यंत तिचं कपाट झालेलं असतं. लवकरच आत खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकलेली माणसं भेटायला लागली.

मुख्याध्यापक फिक्री म्हणाले, "उंदीर आहेत."

"उंदीर खुर्ची सरकवतात, साहेब?"

"दमियातचे आहेत. लाकडाची सवय असते."

मी इथली उपमुख्याध्यापिका. माझी खोली ग्रंथालयाच्या अगदी समोर, त्यामुळे कोण कुठल्या तासाला कशाला आलं हे मला आयतं कळतं. आवाज मीही ऐकला होता. पण मी वेळापत्रक बनवणारी बाई. आवाजाला कुठला तास द्यायचा ते ठरेना, म्हणून गप्प राहिले.

करीमान अब्लांनी मुलांपेक्षा मास्तरांनाच जास्त शिकवलं. शिक्षण खात्याचं प्रशिक्षण असतं, नाही असं नाही. तिथे पंख्याखाली डुलकी काढायची आणि येताना प्रमाणपत्र घेऊन यायचं. अब्लांकडे डुलकीची सोय नव्हती. नवा धडा आधी ग्रंथालयात त्यांच्यापुढे शिकवायचा, रिकाम्या तासाला. त्या शेवटच्या खुर्चीवर बसायच्या आणि वर्गातला सगळ्यात मठ्ठ पोरगा व्हायच्या. "उस्ताद, मी मागे बसलेय. मला नाही कळलं." चेहरा असा करायच्या की त्यांच्या पदवीवर संशय यावा. कळेपर्यंत सुटका नाही. शिवाय जाताना एखादं पुस्तक हातात. "परत आणाल तेव्हा काय आवडलं ते नका सांगू. काय पटलं नाही ते सांगा." एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या इतिहास आणि भूगोलाच्या मास्तरांना त्यांनी एकमेकांचे धडे ऐकायला बसवलं होतं. भांडण मिटलं नाही, पण दोघांचे धडे सुधारले.

त्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे विज्ञानाचा मास्तर मुंतसिर. काटकुळा, हुशार पोरगा, पण शिकवायला लागला की मागे पोलीस लागल्यासारखा सुटायचा. अब्ला त्याला वाक्यागणिक अडवायच्या.

त्या दिवशी मुंतसिर ग्रंथालयातल्या छोट्या फळ्यावर लिहीत होता, पाठमोरा, तोंडानं धडा चालू. मागून एकदाही अडवणूक झाली नाही. त्याला वाटलं, आज जमलं! फळा भरला, खडू ठेवला आणि हसत मागे वळला.

अब्लांची मान छातीवर आली होती. चष्मा मांडीवर.

त्यानंतर मुंतसिरला वर्गाकडे पाठ करता येईना. खडू हातात घ्यायचा, अर्धा शब्द लिहायचा, आणि मागची शांतता मानेवर बसली की गर्रकन वळायचा. मग त्यानं फळाच सोडला. हे लक्षात आलेल्या मुलांनी मागे मुद्दाम चिडीचूप बसण्याचा खेळ काढला. मुलं कुठलीही असोत, दया शेवटच्या इयत्तेत शिकतात.

खात्याचे निरीक्षक हिलमी तपासणीला आले तेव्हा फळा कोरा होता. त्यांनी शेरा मारला, आणि जाताना मला म्हणाले, "पुन्हा येईन. तेव्हाही असंच असेल तर याला वर्ग नको. खात्याच्या गोदामात बसू दे, टेबलं मोजत."

मी हे मुंतसिरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नाही."

"सध्या तेही येत नाहीये," मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. तो हसला नाही.

याच सुमारास नवी ग्रंथपाल आली. रबाब, समुद्राकाठच्या इज्बत अल-बुर्जची, नवरा मासेमारीच्या बोटीवर. ग्रंथालय बंद, त्यामुळे सीलबंद दाराबाहेर एक स्टूल टाकून ती क्रोशाचं विणकाम करत बसायची. येणारा-जाणारा तिला करीमान अब्लांचं एकेक कौतुक ऐकवून जायचा. ऐकून ऐकून एक दिवस तिचा स्फोट झाला.

"मी इथे नोकरीला आलेय का मेलेल्या बाईची सवत म्हणून? आत ती बसलीय, बाहेर मी बसलेय. निदान तिला खुर्ची तरी आहे!"

तेवढ्यात आत खुर्ची सरकली. लाकडाचा पाय फरशीवरून जातो तसा लांब, सावकाश आवाज. रबाबची सुई हातातच राहिली. मग ती दाराकडे न बघता म्हणाली, "ऐकलंत ना, अब्ला? बरं झालं."

मुंतसिर तिच्याकडे आला तो असाच एका दुपारी. मी खोलीचं दार उघडं ठेवून कागद चाळत होते, म्हणजे ऐकत होते.

"अब्ला, माझा धडा ऐकाल?"

"उस्ताद, पुस्तकं माझ्या ताब्यात नाहीत. धडे तर कधीच नव्हते. मला विज्ञानातलं काय कळतं?"

"कळायला नको. फक्त मी पाठमोरा असताना आवाज करत राहा."

"कसला आवाज?"

"कसलाही. तुम्ही मागे आहात एवढं मला कळलं पाहिजे."

रबाबनं त्याच्याकडे नीट पाहिलं. गोष्ट तिला कुणीतरी सांगितलीच असणार. आमच्या शाळेत गोष्ट न सांगण्याची पद्धत नाही.

"अहो, जगभर ग्रंथपाल लोकांना गप्प बसवतात," ती म्हणाली. "तुम्ही मला गडबड करायला सांगताय. लिहिणार कुठे?"

फळा नव्हता. दार होतं, हिरव्या रंगाचं, गुळगुळीत. लाखेला धक्का न लावता तो वरच्या फळीवर लिहायला लागला. धडा घनतेचा. रबाब चहाच्या ग्लासात चमचा वाजवत राहिली, खोकत राहिली, मधेच "बापरे" म्हणत राहिली. मुंतसिरची ओळ मागे न वळता पुरी झाली. मग तो सुटला, नेहमीसारखा, पोलीस मागे लागल्यासारखा. आणि जिथे तो व्याख्या घाईनं गिळून पुढे गेला, नेमकी तिथे दारामागे खुर्ची सरकली.

दोघंही थिजले. मी उठून उभी राहिले होते, हे मला नंतर कळलं.

मुंतसिर अगदी हळू म्हणाला, "इथेच अडवायच्या त्या."

"मग पुन्हा सांगा ना," रबाबचा आवाज बारीक झाला होता, तरी चमचा चालू होता. "दोघींना सांगा. आणि मला एक सांगा. आमचे हे म्हणतात, नाईलमधून बोट समुद्रात शिरली की जरा वर उचलली जाते. तेवढाच माल, तीच माणसं. मग वर का येते?"

"ते पुस्तकात नाही."

"बोट पुस्तकात नाही, उस्ताद. पाण्यात आहे."

तो चिडला. दाराकडे वळला, लिहिलेलं हातानं पुसलं. मग त्यानं नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी शेजारी शेजारी काढलं, दोन्हीत एकेक बोट, आणि बोलायला लागला. या वेळी सावकाश. आतून आवाज आला नाही.

तपासणीपर्यंत रोज हेच. मी त्याचा रिकामा तास तिच्या चहाच्या वेळेला आणून ठेवला. तेवढं माझ्या हातात होतं. दाराच्या खडूबद्दल फिक्री कुरकुरले, तर म्हटलं, "साहेब, उंदरांना जरा शिक्षण मिळतंय."

निरीक्षक हिलमी आले त्या दिवशी फिक्रींनी वर्गाला आधीच दम भरला होता: माशीचाही आवाज नको. त्यांनी भलं करायला म्हणून केलं. मी निरीक्षकांबरोबर मागच्या बाकावर बसले, आणि वर्ग इतका शांत होता की मला माझीच पाठ गार वाटली.

मुंतसिरनं खडू उचलला. वळला. एक शब्द लिहिला. दुसरा अर्धा. हात तिथेच थांबला. मागून काही नाही. निरीक्षकांनी पेन उघडलं, त्याचा चट् आवाज झाला तेवढाच.

त्याच्या मानेवर घाम मला दिसत होता. मनात आलं, संपलं, गेला गोदामात.

मुंतसिर वळला. चेहरा पांढरा. मुलांना म्हणाला, "मी लिहीत असताना गप्प बसू नका. मला अडवा. काही कळलं नाही की तिथल्या तिथे ओरडा."

मुलांना आधी खरं वाटेना. निरीक्षक बसलेत आणि मास्तर ओरडा म्हणतात? तो पुन्हा फळ्याकडे वळला. क्षणभर तीच शांतता. मग कुणीतरी धीर करून म्हणालं, "उस्ताद, पहिलाच शब्द कळला नाही!" वर्ग फुटला. तो लिहीत राहिला, न वळता उत्तरं देत राहिला, आणि बोट वर का येते हे विचारलं तेव्हा कोळ्यांच्या पोरांनी एवढा गलका केला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. फळा वरपासून खालपर्यंत भरला.

निरीक्षकांनी शेरा लिहिला तो मी तिरक्या डोळ्यानं वाचला. 'वर्गात गोंधळ फार. मुलं प्रश्न विचारतात. शिक्षकाला वर्गातच ठेवावे.'

"याची तयारी कुणी करून घेतली?" बाहेर येताना त्यांनी विचारलं.

"ग्रंथपालांनी," मी म्हणाले. कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही.

समिती आली ती त्याच आठवड्यात. लाख फोडली, कुलूप काढलं, पण दार उघडेना. आतून काहीतरी अडत होतं. दोघांनी खांदा लावला तेव्हा फट पडली, आणि फरशीवर तोच लांब, सावकाश आवाज झाला. आमच्यातलं कुणी कुणाकडे बघेना.

दाराला आतून खुर्ची टेकलेली होती. तोंड दाराकडे, अगदी जवळ. कान लावून ऐकायला बसावं तशी.

समितीचा माणूस वैतागला. "सील लावताना ही इथे कुणी ठेवली?"

सील लावताना सगळे बाहेर होते. मीही होते.

"ताब्यात घेताय ना?" त्यानं रबाबला विचारलं.

"घेते," ती म्हणाली आणि सही केली.

त्यानंतर आवाज आला नाही. कान टवकारून बसायचो, तरी नाही. भूत गेल्याची चुटपुट लागलेली शाळा मी दुसरी पाहिली नाही. अरबीचे मास्तर म्हणाले, "निदान सांगून तरी जायचं."

मुंतसिर पुढचा धडा घेऊन ग्रंथालयात आला, तेव्हा आम्ही दोघंतिघं कपाटाआड काहीबाही शोधत होतो. रबाब शेवटच्या खुर्चीवर विणत होती. चहा नव्हता, चमचा नव्हता. तो छोट्या फळ्याकडे वळला आणि लिहायला लागला.

ती खोकली नाही. बापरे म्हणाली नाही. सुईसुद्धा थांबवली तिनं. खोलीत फक्त खडू. त्याचे खांदे हळूहळू वर चढले, हात दोनदा अडला. मी पुढे होऊन काहीतरी पाडणार होते, पण रबाबनं डोळ्यांनीच मला जागच्या जागी बसवलं.

त्यानं फळा संपवला. खडू ठेवला. वळायला त्याला फार वेळ लागला.

"जिवंत आहे," रबाब म्हणाली. "पुढे?"