तक्रार नसलेली गल्ली

घरोघरचा कचरा उचलण्याचं काम नीट चाललंय का, हे तपासून अहवाल द्यायला नगरपालिकेनं तपासनीसबाईंना नेमलं आणि तक्रारींची नुसती झोड उठली. कुठे गाडी उशिरा येते, कुठे डबे आपटून फोडतात, कुठे न थांबताच भुर्रकन निघून जाते. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. खटकली ती चढावरची गल्ली. तिथून चकार शब्द नव्हता. आणि त्याच गल्लीत त्यांची थोरली बहीण राहत होती, जी भाजीत मीठ नेमकं पडलं तरी नाक मुरडायची!

"ताई, खरं सांग, गाडी कशी येते?"

"वेळेवर येते. माणसं चांगली आहेत. लिही तसं," म्हणत ताई चहा ठेवायला उठली.

शेजारचा शिंपी म्हणाला, "वेळेवर येते. माणसं चांगली आहेत." समोरच्या मास्तरांनी तर एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पाणी कुठेतरी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणालाही न सांगता, बाई कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. गाडी आली. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे तिला दोन वेगळे कप्पे होते, पण गाडीवरच्या, सगळे लंबू म्हणायचे त्या कामगारानं प्रत्येक घरचे दोन्ही डबे एकाच कप्प्यात रिकामे केले. बाटल्या धुऊन, पुसून ठेवणारे मास्तर शांतपणे आभाळ न्याहाळत राहिले. मग लंबूनं त्यांच्या दारातून फुटक्या फरशांचं पोतं उचललं, शिंप्याकडून चिंध्यांची गाठोडी उचलली. यातलं काहीच या गाडीत टाकायला परवानगी नव्हती. तेरी भी चूप, मेरी भी चूप, असा कारभार होता.

ताईच्या दाराशी लंबू एक जड पिशवी डाव्या हातानं ओढू लागला. त्याच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती आणि सदऱ्याच्या बाहीला जळकी भोकं पडली होती. बाई झपाझप पुढे गेल्या.

"हात कशानं भाजला?"

लंबूनं ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.

"चहा सांडला, बाई."

चहानं सदऱ्याच्या बाहीला भोकं पडत नाहीत. बाईंनी पिशवी उघडली. आत फुगलेल्या, तडकलेल्या बॅटऱ्या होत्या. भाऊजींचा बॅटरी दुरुस्तीचा धंदा घरातच, मागच्या खोलीत चालायचा.

बाई तडक घरात शिरल्या. ताईनं कंबरेवर हात ठेवले. "तू बहीण म्हणून आलीस की पोलीस म्हणून?"

"त्या माणसाचा हात जळलाय, ताई."

"चहा सांडून! मलमसुद्धा मीच दिलं त्याला."

तेवढ्यात मागच्या खोलीतून भाऊजी हात पुसत आले आणि घाईघाईनं म्हणाले, "पेट आमच्याच पिशवीनं घेतला कशावरून? गाडीत सतरा घरचा कचरा असतो."

पेटल्याचं तर कुणी बोललंच नव्हतं.

ताई नवऱ्याकडे वळली. "पेट घेतला होता? मला तर तुम्हीच चहाचं सांगितलंत."

"उगाच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून..."

"माझ्या जिवाला? आणि त्याच्या?" ताईचा आवाज चिरकला. मग बहिणीकडे न बघता ती म्हणाली, "लिही. आमचं घर वगळू नकोस."

बाईंनी सगळं लिहिलं. भाऊजींना दंड झाला, बॅटऱ्या नगरपालिकेच्या वेगळ्या केंद्रावर नेऊन द्याव्या लागल्या. लंबूवर इलाज झाला, पण त्याची बदली झाली ती पार बाजाराच्या भागात, जिथे डबे दुप्पट आणि माणसं तिप्पट तापट. त्यानं बाईंना दुवा दिला नाही. मास्तर आणि शिंपी ताईशी बोलेनासे झाले.

पुढच्या रविवारी ताईनं बहिणीला जेवायला बोलावलं. भाऊजी मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. ताईनं आग्रहानं दोनदा वाढलं. कचऱ्याच्या डब्यांशेजारची ती पिशवी आपल्याच दारात असून ताईला कधीच दिसली नसेल का, हा प्रश्न घासागणिक बाईंच्या ओठांवर येत होता. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी तो गिळला.