दातांच्या डॉक्टरांची करुणा

दातांच्या डॉक्टरांना पन्नाशीत कला सुचली. कवळ्यांचे साचे करायला आणलेलं प्लास्टर उरलं होतं. त्यातून त्यांनी आधी फुलदाणी केली, मग मेणबत्तीचा स्टँड, मग पुस्तकांना टेकू. फुलदाणीचं नाव 'विरह', टेकूचं 'आई आणि मूल'. बघणाऱ्याला मात्र सगळीकडे दाढच दिसायची; कुठे दोन मुळांची, कुठे तीन. पण विक्रीचे पैसे इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डाला जायचे, त्यामुळे हसायची सोय नव्हती.

विकण्याची पद्धतही त्यांची स्वतःची. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडात आरसा आणि कापसाचे बोळे. डॉक्टर विचारायचे, एखादी वस्तू घेणार ना, लहान मुलांसाठी आहे. पेशंट "आं" म्हणायचा. बाहेरच्या टेबलावर बसणारी त्यांची थोरली बहीण, आक्का, तोच होकार धरून वस्तू कागदात गुंडाळायची. तिनं स्वतः तीन घेतल्या होत्या. दोन माळ्यावर होत्या, एक दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेली.

वर्षभरात वॉर्डाला वाफ देणारी दोन यंत्रं मिळाली. तेवढ्यावर थांबले असते तर सगळ्यांनी दुवा दिला असता. पण डॉक्टरांनी कंबर कसली आणि कमरेएवढं शिल्प घडवलं. नाव 'करुणा'. चार माणसांनी ते उचलून वॉर्डाच्या दाराशी ठेवलं आणि डॉक्टरांनी वीस मिनिटं भाषण केलं. सलाइन लावलेल्या मुलांना उठून जाता येत नव्हतं. भाषण संपल्यावर एका मुलीनं विचारलं, हा दात कुणाचा पडला? ज्याचा पडला तो केवढा असेल, हे मनात येताच तिनं भोकाड पसरलं. शेजारच्या दोघांनी साथ दिली.

पंधरा दिवसांनी डॉक्टर आक्काला घेऊन डोकावायला गेले. करुणेच्या खाचांतून ओले टॉवेल वाळत होते आणि माथ्यावर सिस्टरांची पर्स होती. डॉक्टरांचा चेहरा उतरला. सिस्टर मात्र खुशीत होत्या.

"डॉक्टर, टॉवेल टाकायला आमच्याकडे जागाच नव्हती हो. मुलंही आता भीत नाहीत. पलीकडच्या वॉर्डालाही एक द्या ना."

परतताना डॉक्टर म्हणाले, "लोकांना काही कळतच नाही."

"पुढच्याला दोन खुंट्या जास्त कर," आक्का म्हणाली.

आठवडाभर त्यांनी प्लास्टरला हात लावला नाही. तेवढ्यात दोन इस्पितळं आणि एका केशकर्तनालयाकडून मागणी आली. टॉवेलचा मजबूत स्टँड हवा, म्हणाल ती किंमत देऊ. पहिल्यांदाच गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी आलं होतं. डॉक्टरांनी तिघांनाही कळवलं, की कलेचा असा अपमान आपण खपवून घेणार नाही.

वॉर्डाला हवं असलेलं वाफेचं तिसरं यंत्र राहिलं ते राहिलंच. डॉक्टर हल्ली जलरंगांच्या शिकवणीला जातात. आजारी मुलांसाठी काहीतरी केलं पाहिजे, असं त्यांना अजूनही अगदी मनापासून वाटतं.